पडद्यावर ओळखीचा आकडा दिसला, तर थांबा

प्रश्न : ताई, आम्ही दोघं निवृत्तीनंतर पहिल्यांदाच परदेशी निघालोय. आधी जर्मनी, मग स्वीडन. मुलगा म्हणतो, ‘बाबा, कार्ड पुरे.’ पण खिशात नोटा नसल्या की मला चैन पडत नाही. काय करू?

उत्तर : तुम्ही दोघंही बरोबर आहात, फक्त देश वेगवेगळे! स्वीडनमध्ये कितीतरी दुकानं रोख घेतच नाहीत, शिवाय तिथे युरो नव्हे, क्रोना चालतो. तिथल्या नोटा नेऊच नका. जर्मनीत मात्र बेकरी, छोटी खानावळ, स्थानकावरचं स्वच्छतागृह अशा ठिकाणी रोख लागते. ‘कार्ड चालेल’ म्हणाले तरी काही ठिकाणी फक्त तिथल्या बँकांचं ‘जिरोकार्ड’ नावाचं डेबिट कार्डच चालतं. म्हणून शंभरएक युरो जवळ असू द्या, तेही पाच-दहाच्या नोटांत.

पण मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. चेक प्रजासत्ताकातल्या प्राग शहरात एटीएममधून पैसे काढताना पडद्यावर माझ्याच देशाच्या चलनातला आकडा आला. ‘या दराने स्वीकारता का?’ ओळखीचं चलन बघून मला हायसं वाटलं आणि मी ‘हो’ दाबलं. माझ्यामागे उभ्या असलेल्या मैत्रिणीने तेवढेच कोरुना (तिथलं चलन) काढले, पण ‘नाही’ दाबून. परतल्यावर दोघींची स्टेटमेंटं शेजारी ठेवली, तर माझ्या खात्यातून जवळजवळ दहा टक्के जास्त गेले होते! कारण ‘हो’ म्हटलं की दर ते एटीएम चालवणारे ठरवतात. ‘नाही’ म्हटलं की व्हिसा किंवा मास्टरकार्डचा दर लागतो, आणि तो बहुतेक वेळा बराच बरा असतो. ‘नाही’ दाबल्याने व्यवहार रद्द होत नाही, पैसे मिळतात. दुकानातल्या मशीनवरही हाच प्रश्न येतो. कधी विक्रेता न विचारताच बटण दाबून मोकळा होतो. म्हणून मशीन आपल्याकडे वळवून घ्या आणि जर्मनीत युरो, स्वीडनमध्ये क्रोना निवडा. तुमची बँक परदेशी व्यवहाराचं शुल्क वेगळं लावते का, ते निघण्याआधी विचारून ठेवा.

हॉटेलात अनामतीसाठी डेबिट कार्ड देऊ नका. ती रक्कम तुमच्या खात्यात अडकते आणि कधी कधी सुटायला आठवडा लागतो. तिथे क्रेडिट कार्डच पुढे करा. दोन्ही कार्डं एकाच पाकिटात नकोत. एक तुमच्याकडे, एक वहिनींकडे.

आणि जर्मनी सोडण्यापूर्वी युरोची नाणी संपवा. चलन बदलून देणारे बहुधा नोटाच घेतात.