महाराष्ट्रात माणसांना ब्रुसेलोसिस (ब्रुसेला या जंतूमुळे जनावरांकडून येणारा आजार) कितपत होतो?

शहरात पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध पिणाऱ्याला क्वचितच. गोठ्यात राबणाऱ्यांची गोष्ट वेगळी. गुरांचे डॉक्टर, त्यांचे मदतनीस, गवळी, मेंढपाळ, खाटीक यांच्या रक्तात या जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांचं (अँटीबॉडीजचं) प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त सापडतं. पण प्रतिपिंडं म्हणजे आजार नव्हे. पूर्वी कधीतरी संसर्ग होऊन गेला असेल, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

नोंदलेले रुग्ण कमी दिसतात, कारण तपासणीच होत नाही. रोज संध्याकाळी चढणारा ताप, रात्री दरदरून घाम, कंबर आणि सांधे धरलेले. अशा माणसाला आधी टायफॉइडचं औषध मिळतं, मग मलेरियाचं, आणि पाठदुखी रेंगाळली की टीबीची शंका. 'घरात जनावरं आहेत का?' हे कुणी विचारतच नाही!

या आजारानं गाय गाभडली की अडकलेली वार लोक उघड्या हातांनी काढतात. माझ्या मते खरा धोका तिथे आहे. धारोष्ण दुधाचं कौतुकही आवरा, शेळीच्या दुधाचं तर जास्तच: मेंढ्या-शेळ्यांमधली ब्रुसेला जंतूची मेलिटेन्सिस ही जात माणसाला सगळ्यात जास्त त्रास देते. जनावरांच्या रोगांवरच्या २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना ब्रुसेलोसिसची लस देतात. शेळ्या त्यात नाहीत.

जनावरांशी संबंध असेल आणि ताप हटत नसेल, तर डॉक्टरांना तसं सांगून ब्रुसेलाची रक्ततपासणी करून घ्या. उपचार साधारण ६ आठवडे चालतात, दोन औषधं एकत्र. मध्येच सोडलीत तर आजार उलटतो.