डागावरून माणूस कळतो, पण वेळ कळते का?

प्रश्न : सिरियलमधे शर्टावर रक्ताचा डाग सापडला की लॅबवाला लगेच सांगतो, हे अमक्याचं रक्त आणि परवा रात्रीचं. खरंच एवढं कळतं का? आणि तांबड्या पेशींत डीएनए नसतो असं शाळेत शिकलोय, मग तो येतो कुठून?

उत्तर : शाळेत शिकलात ते बरोबरच आहे, माणसाच्या पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं. डीएनए मिळतो पांढऱ्या पेशींतून, आणि त्या संख्येने कितीतरी कमी असल्या तरी पीसीआरने थोडक्या डीएनएच्याही करोडो कॉप्या काढता येतात म्हणून बारीकसा डागही पुरतो. तांबड्या पेशींतलं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनचा लोह असलेला भाग, उलट त्रासच देतं, पीसीआरचं एन्झाइम अडवून धरतं.

मग बघतात एसटीआर मार्कर. डीएनएत काही ठिकाणी छोटा तुकडा, बहुतेक चार अक्षरांचा, लागोपाठ येत राहतो आणि तो किती वेळा येतो ते माणसागणिक बदलतं. एखादी जागा कुणाशीही जुळेल हो, पण अमेरिकेच्या कोडिस या गुन्हे तपासाच्या डीएनए डेटाबेसमधे २०१७ पासून २० जागा बघतात आणि त्या सगळ्याच्या सगळ्या जुळणं म्हणजे एकसारखे जुळे सोडले तर जवळपास अशक्यच.

आता सिरियलवाले कधीच सांगत नाहीत ते. डीएनएवरून 'कोणाचं' ते कळतं, 'काय' ते नाही, कारण लाळ असो, त्वचा असो की रक्त, एका माणसाचा डीएनए सगळीकडे तोच. 'काय' हे बघायला एमआरएनए, म्हणजे चालू जनुकाची आरएनएमधली नक्कल, लागतो, कारण कुठल्या पेशीत कुठलं जनुक चालू आहे ते त्यातून दिसतं. रक्तात हिमोग्लोबिनचं एचबीबी आणि हीम तयार करायला लागणारं एएलएएस२ ही जनुकं चालू सापडतात. पाळीच्या रक्तात याशिवाय एमएमपी गटातली जनुकं जोरात असतात, गर्भाशयाचं अस्तर सुटताना त्यांची एन्झाइमं लागतात ना. मला तर हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अत्याचाराच्या केसमधे आरोपी म्हणतो हे पाळीचं रक्त आहे, बाई म्हणते जखमेचं, आणि डीएनए दोन्हीकडे तिचाच येणार, म्हणजे त्या रिपोर्टने वाद मिटतच नाही.

आरएनए लगेच तुटतो म्हणतात ते खरंय पण ओल्यात. डाग पटकन सुकला तर त्याला तोडणाऱ्या एन्झाइमांना पाणीच मिळत नाही आणि तो महिनोन्महिने टिकतो. म्हणूनच रक्ताचे कपडे सुकवून कागदी पाकिटात ठेवतात, प्लास्टिकमधे ओल कोंडली की संपलं.

राहिली वेळ. काही आरएनए लवकर तुटतात काही उशिरा, उदाहरणार्थ १८एस हा रायबोसोममधला (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेतला) आरएनए बीटा ॲक्टिन या प्रथिनाच्या एमआरएनएपेक्षा जास्त तग धरतो, तर त्यांचं प्रमाण बघून डाग ताजा की जुना याचा अंदाज काढता येतो. पण ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तुटण्याचा वेग बदलतो, त्यामुळे 'परवा रात्रीचं' वगैरे छातीठोक सांगणारा लॅबवाला फक्त सिरियलमधेच.

प्रश्न : रक्त शोधायला फवारतात ते ल्युमिनॉल रसायन मारल्यावर निळं चमकलं म्हणजे रक्तच ना?

उत्तर : नाही. ते हीममुळे चमकतं, पण ब्लीचनेही चमकतं. आणि रक्त असलं तरी माणसाचं की जनावराचं ते त्यावरून कळत नाही. ती फक्त खूण, सॅम्पल कुठून उचलायचं ते कळण्यापुरती.