लस पुढे ढकलायची का?

प्रश्न : मुलीला २० एप्रिलला नऊ महिने पूर्ण होतील. १२ मे रोजी पुण्याला धाकट्या दिरांचं लग्न आहे, ९ तारखेला निघायचंय. जाऊबाई म्हणतात, गोवराची लस वर्षानंतर दिली तर जास्त लागू पडते, परदेशात तशीच देतात; मग लग्नघरात ताप कशाला ओढवून घ्यायचा? सासूबाईंचं म्हणणं, एवढ्या उन्हात टोचूच नये. आणि हे म्हणतात, ‘तू ठरव.’ – एक आई, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : जाऊबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिनं) बाळाच्या रक्तात काही महिने टिकतात आणि लशीतल्या जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूला रुजू देत नाहीत. म्हणून नवव्या महिन्यात दिलेली लस शंभरातल्या साधारण ८५ बाळांना लागू पडते, बाराव्या महिन्यानंतरची ९५ बाळांना. पण तीच प्रतिपिंडं बाळाला गोवरापासूनही वाचवत असतात, आणि सहाव्या ते नवव्या महिन्यादरम्यान ती आटत जातात. गोवर जिथे अजून फिरतो आहे तिथे वर्षापर्यंत थांबायचं म्हणजे दहा बाळांच्या फायद्यासाठी शंभरच्या शंभर बाळं तीन महिने उघडी ठेवायची. उरलेल्या पंधरांची सोय वेळापत्रकात आहेच : १६ ते २४ महिन्यांतला दुसरा डोस.

त्यात तुम्ही तिला याच तीन महिन्यांत लग्नाच्या गर्दीत नेणार. गोवराचं मूल पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून रोग पसरवत असतं. तेव्हा त्याला नुसता ताप, खोकला आणि लाल डोळे. घरचे म्हणतात सर्दी झालीय. ते मूल खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो.

आता तापाचं. गोवराची लस रुबेलाच्या लशीबरोबर एकत्रच मिळते. या गोवर-रुबेला लशीचा ताप पेंटाव्हॅलंटसारखा (डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरची एकत्र लस) त्याच रात्री येत नाही. येणारच असेल तर साधारण सातव्या ते बाराव्या दिवसादरम्यान येतो, एकदोन दिवस राहतो, कधी बारीक पुरळही उठतं. बहुतेक बाळांना काहीच होत नाही. तारखा मांडून पाहा. २० नंतरच्या पहिल्या लसीकरण सत्राला, समजा २४ एप्रिलला लस घेतलीत, तर तापाचे दिवस १ ते ६ मे. ९ तारखेला गाडीत बसाल तेव्हा तो संपलेला असेल आणि संरक्षणही तयार होत आलेलं असेल. ‘बघू, बघू’ करत ४ मेला घेतलीत, तर ताप येईल तो ११ ते १६ मे, म्हणजे ऐन मांडवात. लग्नघरात ताप नको असेल तर लवकर घेणं हाच उपाय.

सासूबाईंच्या शंकेत थोडं तथ्य आहे, पण ऊन बाळाला नाही, लशीला बाधतं. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. अंगणवाडीच्या सत्रात ती बर्फाचे पॅक ठेवलेल्या कॅरिअरमधून येते. धोका असतो तो मेडिकलमधून विकत घेऊन, पर्समध्ये टाकून, भर दुपारी दवाखान्यापर्यंत नेलेल्या लशीला. तसं करू नका. दवाखान्याच्या फ्रिजमधलीच घ्या.

केंद्रावर तीन गोष्टी बघा. मध्य प्रदेशातल्या कार्डावर ‘खसरा-रूबेला’ असं छापलेलं असतं. खसरा म्हणजे आपला गोवरच, त्यामुळे रकाना चुकवू नका. दुसरं, ही लस भुकटीच्या रूपात असते आणि द्रावक मिसळल्यानंतर चार तासांत संपवावी लागते, उरली तर फेकायची. कुपी कधी फोडली ते विचारा, त्यात गैर काही नाही. ‘एकाच बाळासाठी कुपी फोडत नाही, पुढच्या वेळी या’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा की एका बाळासाठीही कुपी उघडायची, असाच सरकारी नियम आहे. लस वाया जाण्यापेक्षा बाळ परत जाणं महाग पडतं. तिसरं, याच वेळी अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतो : १ लाख युनिट, म्हणजे १ मिली, तोंडाने. टोचून झालं की आया उठून निघतात आणि हा राहून जातो. तसंही टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं असतं.

प्रश्न : नातू पाच महिन्यांचा आहे. दीड महिन्याचे डोस झाले. नंतर कधी सर्दी, कधी जुलाब, मग सूनबाई माहेरी देवासला. आता पहिल्यापासून सुरू करावं लागेल का? – एक आजोबा, सुदामानगर, इंदूर

उत्तर : नाही. दिलेला डोस वाया जात नाही. जिथे थांबलात तिथून पुढे मोजायचं, दोन डोसांत किमान चार आठवडे ठेवून. या आठवड्यातच दुसऱ्या खेपेचे, म्हणजे पेंटाव्हॅलंट, पोलिओचे थेंब आणि रोटा (रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची लस), घ्या आणि चार आठवड्यांनी तिसऱ्या खेपेचे. न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची लस) आणि पोलिओचं इंजेक्शन त्यात कुठे बसवायचं ते सिस्टरच कार्ड बघून ठरवतील. सरकारी केंद्रात रोटाचा पहिला डोस वर्षाच्या आत झालेला असला की पुढचे पुरे करतात. खासगीत वयाची मर्यादा याहून कडक धरतात, म्हणून तिथे ‘आता रोटा नाही’ असं ऐकायला मिळू शकतं.

सर्दी, खोकला, साधे जुलाब, किरकोळ कणकण, चालू असलेलं अँटिबायोटिक, यांतलं काहीही लस टाळायचं कारण नाही. बाळ दूध पितंय, हसतंय, तर न्या. जोराचा ताप असेल किंवा भरती करण्याइतकं आजारी असेल तेव्हाच थांबा, आणि तेही बरं वाटेपर्यंतच. लांबलेल्या महिन्यांचा खरा धोका डांग्या खोकल्याचा. सहा महिन्यांखालच्या बाळाला त्यात पुष्कळदा उबळ येतच नाही; श्वास थांबतो आणि ओठ निळे पडतात. म्हणून दीड, अडीच, साडेतीन महिने असे ते डोस इतके लवकर ठेवलेत. कार्ड देवासलाच राहिलं असेल तरी अडून बसू नका. मोबाइलवर फोटो मागवा.

प्रश्न : पेंटानंतर नातीला ताप आला. कागदावर पॅरासिटामॉल लिहिलंय, घरात दोन बाटल्या आहेत, दोन्ही पॅरासिटामॉलच्याच. कोणती द्यायची? – एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : विचारलंत ते फार बरं केलंत, सगळ्यात मोठी चूक इथेच होते. ड्रॉपर असलेल्या छोट्या बाटलीत बहुधा १ मिलीत १०० मिग्रॅ औषध असतं, सिरपच्या बाटलीत ५ मिलीत १२० किंवा १२५. लेबल वाचा. सिरप समजून ड्रॉप्सचे ५ मिली पाजले तर बाळाच्या पोटात ५०० मिग्रॅ गेलं, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी! मात्रा वजनावर ठरते, किलोला १५ मिग्रॅ. नात ६ किलोची असेल तर ९० मिग्रॅ : ड्रॉप्सचे ०.९ मिली, नाहीतर १२० च्या सिरपचे पावणेचार मिली. दोन्हींपैकी एकच. दोन मात्रांत चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. चमच्याने मोजू नका, सुई नसलेली सिरिंज वापरा.

ताप येण्याआधीच ‘सावधगिरी म्हणून’ पाजू नका. त्याने काही लशींचा परिणाम थोडा कमी होतो. मांडीवरची गाठ चोळायची नाही, शेकायची नाही, हळदही लावायची नाही. थंड ओला कपडा पुरे. बारीक कडक गाठ काही आठवडे राहिली तरी चालते. मात्र तीन तासांहून जास्त सलग रडणं, १०४ अंशांवर ताप किंवा मरगळून दूध सोडणं, यांतलं काही दिसलं तर डॉक्टर.

प्रश्न : मोठ्या मुलाला तापात आकडी आली होती. धाकटीची लस थांबवावी का? – राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : थांबवू नका. भावाला किंवा तिला स्वतःला तापातली आकडी येऊन गेली असली तरी तेवढं कारण पुरेसं नाही. फक्त टोचण्याआधी डॉक्टरांना सांगा. खरंच थांबायचं ते आधीच्या डोसानंतर तीव्र अॅलर्जी आली असेल, डांग्या खोकल्याच्या लशीनंतर सात दिवसांत मेंदूचा गंभीर आजार झाला असेल, किंवा गोवरासारख्या जिवंत लशीच्या बाबतीत बाळ मोठ्या मात्रेतल्या स्टेरॉइडवर असेल अथवा नुकतंच रक्त चढवलेलं असेल तेव्हा. आकडी आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट रुग्णालय.