फ्लोरेस बेट दुचाकीवरून सात दिवसांत पार करता येईल का?

तुम्ही विचारलंय की इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर, पश्चिमेच्या लाबुआन बाजोपासून पूर्वेच्या लारांतुकापर्यंत भाड्याच्या दुचाकीने जायला सात दिवस पुरतील का. पहिल्या दिवशी थेट बाजावा गाठायचा बेतही लिहिलाय. तो वाचून मला राहवलं नाही. २०१९ च्या जुलैत माझ्या मेव्हण्याने हुबेहूब हाच तक्ता एक्सेलमध्ये केला होता, रंगीत चौकटींसकट.

लाबुआन बाजो ते बाजावा साधारण २६० किलोमीटर. आमच्या सांगलीहून पुणं थोडंफार तेवढंच. सकाळी चहा घेऊन निघालं की जेवायला पुण्यात. मेव्हण्याने हाच हिशोब तिथे लावला. पण ते बेट सरळ मोजलं तर ३६० किलोमीटरच्या आसपास लांब आहे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंतचा रस्ता साडेसहाशेच्या वर भरतो. उरलेली सगळी वळणं. वरंधा घाट उतरलात की पुढे पुन्हा वरंधाच सुरू होतो अशी कल्पना करा. तासाला ३० किलोमीटर धरा. मॅप काय सांगतो ते सोडून द्या, मॅपला रस्त्यात आडवी येणारी डुकरं दिसत नाहीत.

म्हणजे पहिला मुक्काम रुतेंग. तिथे थंडी असते, स्वेटर न्या. विषुववृत्तापासून इतक्या जवळ स्वेटर कशाला, असं मेव्हणाही म्हणाला होता आणि रात्री माझी शाल पांघरून झोपला. रुतेंगच्या अलीकडे चांचारला टेकडीवरून कोळ्याच्या जाळ्यासारखी भातशेती दिसते. रुतेंगजवळच लिआंग बुआ ही गुहा आहे, जिथे २००३ मध्ये जेमतेम साडेतीन फूट उंचीच्या माणसांची हाडं सापडली. आपल्यापेक्षा वेगळीच मानवजात ती, होमो फ्लोरेसिएन्सिस. मेव्हण्याच्या तक्त्यात या गुहेला वीस मिनिटं होती.

आता गाडीचं सांगतो, कारण खरा वाद तिथलाच आहे. भाड्याने दोन प्रकार मिळतात, गिअरची छोटी मोटरसायकल आणि ऑटोमॅटिक स्कूटर. मी गिअरची घेतली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, रोज अ‍ॅक्टिव्हाच चालवतो की मी, सवयीची गाडी बरी." सांगलीत विश्रामबागहून गणपती मंदिरापर्यंत अ‍ॅक्टिव्हा चालवणं आणि रुतेंगहून समुद्रापर्यंत सुमारे बाराशे मीटर उतरणं यात फरक आहे. मोटरसायकल उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की इंजिनच तिला धरून ठेवतं. स्कूटरला तसं धरणारं फारसं काही नसतं, सगळा भार ब्रेकवर. आणि मेव्हण्याची सवय अशी की एकदा ब्रेक दाबला की सोडायचा नाही.

रानामेसे तळं मागे पडलं. रस्ता ओला, दोन्ही बाजूंना जंगल. मी पुढे होतो. आरशात बघितलं तर मेव्हणा दिसेना. थांबलो. दोन मिनिटांनी वळणावरून तो आला तो पाय जमिनीला घासत, तोंडाने "दाजी, दाजी, दाजी" म्हणत, आणि माझ्या शेजारून पुढे निघून गेला! पुढच्या डोंगराकडच्या मातीच्या ढिगात गाडी घातली तेव्हा थांबला. लागलं काही नाही. पुढच्या ब्रेकचं लिव्हर दाबलं तर थेट मुठीला टेकत होतं. डिस्क इतकी तापली होती की पावसाचा थेंब पडला की चर्र आवाज यायचा.

समोरच एक घर होतं. अंगणात ताडपत्रीवर वाळत घातलेली कॉफी पावसासाठी गोळा करून ठेवली होती. घरातला माणूस बाहेर आला, डिस्ककडे बघितलं, पाणी ओतायला निघालेल्या मेव्हण्याचा हात धरला आणि नुसतं बसायची खूण केली. तासभर बसलो. आधीच साखर घातलेली काळी कॉफी आली, उकडलेली केळी आली. मग त्या गृहस्थाने विचारलं, "इस्त्री?" मेव्हण्याने स्वतःच्या चुरगळलेल्या शर्टाकडे बघितलं आणि ओशाळून म्हणाला, "नो इस्त्री, सॉरी." इंडोनेशियाच्या भाषेत इस्त्री म्हणजे बायको. म्हणजे आपली स्त्रीच. नवऱ्याला सुआमी म्हणतात, शोकाला दुका, माणसाच्या नावाला नामा. हे कळल्यावर अर्धा तास छान गेला. मोबाइलवर शब्द शोधून मी सांगितलं की हा माझा इपार, म्हणजे मेव्हणा. त्यावर त्या माणसाने माझ्या खांद्यावर जो हात ठेवला, त्यावरून मेव्हणे तिथेही असेच असावेत.

ब्रेक गार झाल्यावर लिव्हर पुन्हा घट्ट झालं. मेव्हणा आजतागायत सांगतो की दुकानदाराने खराब गाडी दिली. अरे, ब्रेक खराब होते तर तीच गाडी पुढे पार लारांतुकापर्यंत कशी गेली? ब्रेकचं तेल तापून उकळलं की लिव्हर मऊ पडतं, गार झालं की परत धरतं. कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा. त्याला दहादा सांगितलंय. तेव्हा तुम्ही गिअरची गाडी घ्या आणि उतारावर ब्रेक दाबा-सोडा, दाबून धरू नका. भाड्याने देणाऱ्याशी मौमेरेत, म्हणजे लारांतुकाच्या अलीकडच्या मोठ्या गावात, गाडी सोडायचं आधी ठरवून घ्या. वेगळे पैसे लागतात, पण नाहीतर सगळं बेट परत यावं लागेल.

बाजावाला दोन रात्री. कॉफी तिथलीच प्या. इनेरी ज्वालामुखीच्या पायथ्याशी बेना गाव आहे. गवती छपरांच्या दोन रांगा, मधल्या चौकात पूर्वजांसाठी उभारलेल्या छत्र्या आणि छोटी घरं, छत्री पुरुष पूर्वजांची, घर स्त्री पूर्वजांचं. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झालेला. तिथे मान वर केली की त्या लाव्हाचा डोंगर समोर उभा असतो आणि लोक खाली काजू वाळवत असतात.

बाजावा ते एंदे हा रस्ता शेवटी समुद्राकाठी येतो. पेंगगाजावाला किनाऱ्यावर हिरवे-निळे गोटे आहेत, लोक ते आकारांप्रमाणे वेचून ढीग लावून विकतात. एंदेत इंडोनेशियाचे पुढे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या सुकार्नोंना डच सरकारने १९३४ ते १९३८ नजरकैदेत ठेवलेलं घर आहे. अर्धा तास पुरतो.

आणि मग मोनी. खरं तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

मोनी गावाच्या वर केलिमुतू ज्वालामुखी, १,६३९ मीटर. तिथे विवरांत तीन तळी, तिन्हींचे रंग वेगळे आणि खालून येणाऱ्या वायूंमुळे अधूनमधून बदलणारे. तिथले लिओ लोक मानतात की मेलेल्यांचे आत्मे इथे येतात, म्हाताऱ्यांचे एका तळ्यात, तरुणांचे दुसऱ्यात, दुष्टांचे तिसऱ्यात. आम्ही पहाटे चारला निघालो, वर पोचलो आणि ढगात दोन तास उभे राहिलो. समोर फक्त पांढरं. मेव्हण्याने फोनवर तक्ता उघडला. "दाजी, आज मौमेरे, उद्या लारांतुका." मी म्हटलं, एक दिवस थांबू. तो म्हणाला, बेट पार करायचं ठरलंय. मी म्हटलं, पार म्हणजे काय, शर्यत आहे का? आवाज चढले. शेवटी तो एकटा गेला.

मी राहिलो. दुसऱ्या दिवशी सहा वाजता पडदा ओढावा तसे ढग गेले. एक तळं पिरोजी, त्याला चिकटून दुसरं, मधे इतकी पातळ दगडी भिंत की बघूनच पोटात गोळा येतो. तिसरं जरा बाजूला, काळपट. मी तिथे तीन तास बसलो. मेव्हण्याकडे लारांतुकाच्या पाटीसोबतचा फोटो आहे, दिवाणखान्यात लावलाय. दर भाऊबीजेला माझ्या बायकोसमोर वाक्य ठरलेलं: "दाजींनी अर्धंच बेट केलं."

म्हणून, लाबुआन बाजो ते मौमेरे सात दिवसांत होतं, मोनीला दोन रात्री ठेवून. लारांतुकासाठी दहा दिवस काढा, आणि तेही आधी चौकशी करून, कारण मौमेरे-लारांतुका रस्ता लेवोतोबी ज्वालामुखीच्या पायथ्याशी जातो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा मोठा उद्रेक झाला, माणसं गेली, बालीची विमानंही रद्द झाली. तिथल्या सरकारचे धोक्याचे चार टप्पे असतात. तिसरा 'सिआगा' किंवा चौथा 'आवास' असेल तर त्या बाजूला वळूच नका. मेव्हणा गेला तेव्हा तो शांत होता, त्याच्या उदाहरणावर जाऊ नका.

नोव्हेंबर ते मार्च पावसाचे, टाळा. रोख पैसे मोठ्या गावातच काढून घ्या. पेट्रोल रस्त्याकडेला बाटल्यांत मिळतं. शाकाहारी असाल तर भात, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि पालेभाजी यांवर निभतं. मेव्हण्याने चार किलो भडंग नेलं होतं, तो निराळाच वाद. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि त्यात दुचाकीचा उल्लेख आहे ना बघा. आम्हाला पोलिसांनी कुठे विचारलं नाही, पण हात मोडला तर विमा कंपनी पहिलं तेच विचारते.

आणि खरं सांगायचं तर पूर्ण प्रवासात पडलो मी एकटाच. पेंगगाजावाला, गोट्यांचे ढीग बघताना, वाळूवर, ताशी दहाच्या वेगाने. गाडी गिअरचीच होती. गुडघा फुटला. मेव्हण्याने बॅगेतून हळद काढून लावली, हेही लिहायला हवं.

तो या साइटवर आहे आणि हे उत्तर त्याला दिसणार. खाली येऊन त्याने 'अर्धंच बेट' वगैरे काही लिहिलं, तर त्याला फक्त एवढं विचारा, केलिमुतूवरचं काळपट तळं कुठल्या बाजूला होतं?