प्रोस्टेटचा कॅन्सर : लगेच उपचार नको, पण तपासण्या चुकवू नका

प्रश्न : वडील ६६ वर्षांचे. बायॉप्सीत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणतात, आत्ता ऑपरेशन नको, लक्ष ठेवू. कॅन्सर अंगात ठेवून गप्प कसं बसायचं?

उत्तर : आधी बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘ग्लीसन’ शब्द शोधा; कॅन्सर किती आक्रमक आहे, ते हा आकडा सांगतो. पुढे ३+३=६ असेल, तर हा सर्वांत सौम्य गट. याच्या पेशी फार सावकाश वाढतात आणि सहसा दुसरीकडे पसरत नाहीत. ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ अभ्यासात १,६४३ पुरुषांचे तीन गट केले होते : निरीक्षण, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन. पंधरा वर्षांनी तिन्ही गटांत या कॅन्सरने दगावलेले शंभरात साधारण तीनच. मात्र निरीक्षणाच्या गटात आजार पसरल्याचं प्रमाण जास्त होतं, शंभरात नऊ. इतर दोन गटांत पाचच्या आसपास. निरीक्षणाच्या गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांना पुढे कधीतरी उपचार घ्यावेच लागले. म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत, एवढं मी प्रत्येकाला बजावतो.

प्रश्न : कोणत्या तपासण्या, आणि किती वेळा?

उत्तर : पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं एक प्रथिन मोजणारी रक्ततपासणी) साधारण दर सहा महिन्यांनी, गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेटची तपासणी वर्षातून एकदा. एमआरआय आणि पुन्हा बायॉप्सी कधी, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : माझा पीएसए ५.१ वरून ६.३ झाला. आता ऑपरेशन करावंच लागेल का?

उत्तर : एका आकड्यावर निर्णय घेऊ नका. लघवीचा संसर्ग, तपासणीच्या आदल्या एक-दोन दिवसांतला वीर्यपात किंवा बराच वेळ सायकल चालवणं, यांनीही तो चढतो. काही आठवड्यांनी पुन्हा तपासा. प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड घेत असाल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा; या गोळीने आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो आणि खरी वाढ झाकली जाते.

प्रश्न : यजमानांना रात्र-रात्र झोप नाही. ‘काढून टाका एकदाचं,’ म्हणतात. काय करू?

उत्तर : त्यांची भीती खरी आहे, तिला हसू नका. ती असह्य झाली म्हणून उपचार निवडणारे पुरुष मी पाहिलेत, आणि तो निर्णयही चुकीचा नाही. पण ऑपरेशननंतर खोकताना लघवी गळणं, पॅड वापरावे लागणं, ताठरता कमी होणं, हे आधी दोघांनी मिळून डॉक्टरांकडून नीट ऐका. घाई नाही. या सौम्य गटातल्या कॅन्सरमध्ये काही आठवडे विचार करायला घेतले, तर काही बिघडत नाही.