कोळशाच्या चुऱ्याला बाइंडर कुठला?

प्रश्न: वॉशरीतून (कोळसा धुण्याच्या कारखान्यातून) निघणारा कोळशाचा बारीक चुरा नुसता साठत जातो, त्याचे पेलेट बनवायचेत. बाइंडर (चुरा चिकटवून धरणारा पदार्थ) म्हणून मळी, पेपर मिलचं ब्लॅक लिकर (लगदा शिजवून उरलेलं काळं पाणी), फ्लाय अ‍ॅश (कोळसा जळून उरलेली उडती राख) यातलं जे स्वस्तात मिळेल ते घातलं तर चालेल का?

उत्तर: चिकटायचं म्हणाल तर मळी आणि लिकर दोन्ही मस्त चिकटतात, फ्लाय अ‍ॅश सोडून द्या, तिला चुन्याशिवाय स्वतःचा चिकटपणा फारसा नसतो आणि वर राखच वाढते. बेंटोनाइट या चिकण मातीचंही तेच, 100 किलोत 5 किलो घातलं की जवळजवळ तेवढी राख जास्तीची आलीच. पण खरा प्रश्न पुढे आहे, पेलेट पावसात टिकतो का आणि भट्टीत गेल्यावर बाइंडर काय करतो.

मळी पाण्यात विरघळते, त्यामुळे नुसत्या मळीचा पेलेट उघड्यावर ठेवला आणि पाऊस आला की परत चिखल. यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे सोबत थोडा हायड्रेटेड चुना घालायचा, मळीतली साखर आणि चुना मिळून कॅल्शियम सॅकरेट होतं आणि पेलेट वाळला की बराच कडक होतो, पाण्यालाही जास्त दाद देत नाही. हे मला सगळ्यात आवडतं कारण धुरात वाईट काही वाढत नाही. चुन्याने राख थोडी वाढते, तेवढं चालतं.

ब्लॅक लिकरच्या बाबतीत मात्र जपून. त्यात लिग्निन (लाकडातला नैसर्गिक चिकट घटक) असतं म्हणून ते चिकटतं, पण सोडियम आणि सल्फरही भरपूर असतं. सोडियममुळे राख कमी तापमानाला वितळते, मग बॉयलरच्या ट्यूबवर थर बसतो, क्लिंकर (वितळून गोठलेल्या राखेचे कडक गोळे) होतो, आणि बाइंडरवर वाचवलेले पैसे सफाईत जातात. सल्फाइट पद्धतीच्या मिलमधलं लिग्नोसल्फोनेट (लिग्निनपासूनचा बाइंडर) घ्यायचं झालं तर कॅल्शियमवालं बघा, सल्फर त्यातही आहेच आणि पाण्यात तेही विरघळतं. कोलटार पिच (कोळशापासूनचं घट्ट डांबर) पाण्याला छान टिकतं पण त्याच्या धुरात पीएएच नावाची कॅन्सरकारक रसायनं असतात, घरगुती चुलीसाठी अजिबात नको. पीव्हीसीचा प्लास्टिक कचराही नको, जळताना हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा वायू सुटतो.

आधी छोटा घाणा काढा, पेलेट पूर्ण वाळवून उंचावरून टाकून बघा, एक दिवस पाण्यात बुडवून बघा, आणि राखेचा फ्यूजन पॉइंट (वितळण्याचं तापमान) लॅबमधून काढून घ्या, बाइंडर घालून आणि न घालता, दोन्ही.