मानेत वाढलेले हाड

प्रश्न : माझे वय ५६ असून रत्नागिरीजवळ आमची हापूसची बाग आहे. हंगामात झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या लांब काठीने, आंबे काढताना दिवसभर मान वर करून पाहावे लागते. दोन महिन्यांपासून मान दुखते आणि उजव्या हाताला अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात. एक्स-रेमध्ये मानेच्या मणक्यांना हाड वाढल्याचे दिसले. ते औषधाने विरघळते, की शस्त्रक्रिया करावी लागेल?

उत्तर : वाढलेले हाड विरघळवणारी गोळी किंवा तेल नाही, आणि ते विरघळवण्याची गरजही बहुतेकांना पडत नाही. वयानुसार मणक्यांमधल्या गाद्या कोरड्या पडून चेपतात आणि मग मणक्यांच्या कडेला हाड वाढू लागते. पन्नाशीनंतर मान कधीच न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेतही ते दिसते.

आपल्या मुंग्या अंगठ्यापर्यंत जातात, त्यावरून मानेतली सहावी नस दाबली जात असावी. मात्र त्या मुख्यतः रात्री येत असतील, तर मनगटातली नसही तपासून घ्यावी. मान मागे टाकून एका बाजूला वळवली की नस बाहेर पडण्याची वाट आणखी अरुंद होते, आणि झेला फांदीत घालताना मान नेमकी तशीच असते. म्हणून काठी लांब घेऊन झाडापासून थोडे दूर उभे राहावे, म्हणजे नजर तितकी वर न्यावी लागत नाही, आणि अर्ध्या तासाने झेला दुसऱ्याच्या हाती द्यावा. डोक्यावरून पेट्या वाहणे तूर्त बंद ठेवावे. वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात, कारण त्या पोट, मूत्रपिंड व रक्तदाब बिघडवू शकतात. मानेचा पट्टा आठवड्याहून अधिक वापरल्यास स्नायू सैल पडतात. दुखणे ओसरल्यावर तळहात कपाळाला लावून, मान न हलवता, पाच अंक मोजेपर्यंत दाब द्यावा. हा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेतलेला बरा. सलूनमध्ये मान 'मोडून' घेण्याची हौस मात्र पूर्ण सोडावी, कारण त्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

नस दबल्याचा असा त्रास बहुधा सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना कमी होतो. परंतु हाताची ताकद कमी झाली, सदऱ्याची बटणे लावताना बोटे अडखळू लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर हंगाम संपण्याची वाट न पाहता एमआरआय करून मणक्यांच्या शल्यविशारदांना दाखवावे. मज्जारज्जू, म्हणजे मणक्यांच्या पोकळीतून जाणारा मुख्य मज्जातंतूंचा दोर, दाबला गेला असल्यास बहुधा मानेच्या पुढून छेद घेऊन खराब गादी आणि वाढलेले हाड काढतात व ते दोन मणके जोडतात. त्याने पुढचा बिघाड सहसा थांबतो. गेलेली ताकद मात्र पूर्ण परत येईलच असे नाही.